मंडईला डोंग्यातून: वैनगंगेवरच्या लहानपणीच्या आठवणी

वैनगंगाकाठ

भाऊबीज आटोपली की आमच्याकडे मंडया सुरू होतात. पश्चिमेकडच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा पट्टा, एवढ्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा बाजार आणि दंडार (नाच-गाण्याचं लोकनाट्य), रात्री नाटक. लेकीबाळींनी माहेरी यायचा हा हक्काचा दिवस. सोयरिकीही इथेच जुळतात, भांडणंही इथेच होतात.

आमचं गाव कुही तालुक्यात, आईचं माहेर वैनगंगेच्या पलीकडे, भंडारा जिल्ह्यात. मामाच्या घरचा कंदील आमच्या काठावरून दिसेल इतकं जवळ. पण एस.टी.ने जायचं तर भंडाऱ्याला वळसा, गाडी बदलायची, आणि उतरल्यावर पुन्हा पायपीट. त्यामुळे आमचा रस्ता म्हणजे डोंगा, लहान लाकडी नाव. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे.

घाटावर पोचलं की बाबा दोन्ही हात तोंडाशी नेऊन हाळी द्यायचे. डोंगा नेमका नेहमी पलीकडच्या काठाला असायचा, हे काही मला अजून कळलेलं नाही. पलीकडून "होओओ" आलं की मग निवांत. तोवर आजी पितळी डबा उघडून अनारसे वाटायची. मामासाठी नेलेला कोंबडा टोपलीखालून कुरकुरत असायचा.

बसायचं कसं ते ठरलेलं. आजी मधोमध बुडात, तिच्या पाठीला पाठ लावून आई, लेकरं दोघींच्या मधल्या फटीत. बाबा पुढच्या टोकाला उकिडवे. काठ पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं. "हालू नका बे पोट्टेहो, डोंगा डुबन!" हे वाक्य डोंगेवाले मामा दर खेपेला म्हणायचे आणि दर खेपेला आम्ही हलायचो. बुडाशी पाणी झिरपतच असायचं. ते उपसायला डालड्याचा रिकामा डबा ठेवलेला. त्या डब्यासाठी माझी आणि थोरल्या भावाची जी मारामारी व्हायची, तिनेच डोंगा उलटला असता.

सुरुवातीला पाणी उथळ. मामा मागे उभे राहून लांब बांबू वाळूत रोवायचे, खस्स, आणि डोंगा पुढे सरकायचा. तळाची वाळू स्पष्ट दिसायची, तिच्यावरच्या लाटांच्या रेघा, त्यांच्यावरून पळणारे बोटाएवढे मासे. मग एका जागी बांबू टेकायचाच नाही. मामा तो आडवा ठेवून वल्हं उचलायचे. तेवढ्या वेळात कोणी बोलत नसे. आई ओच्यातून सुटे पैसे काढून पाण्यात सोडायची, "गंगामाय, लेकरांना सांभाळजो". पुन्हा बांबू टेकला की सगळे एकदम बोलायला लागत.

आता तिथे गोसीखुर्द धरणाचं फुगलेलं पाणी आहे, आणि अंभोऱ्याला २०२४ पासून मोठा पूल. मामाच्या गावाला गाडीने लगेच पोचतो. पूल हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरचे सगळे एका लाकडात दाटीवाटीने बसून नदी पार करायचे, ते माझ्या मुलांना सांगितलं तर त्यांना मी काहीतरी बनवून सांगतोय असं वाटतं. तुमच्याकडे कोणी असं गेलंय का? वैनगंगाच पाहिजे असं नाही. वर्धा, प्राणहिता, इंद्रावती, कुठलीही चालेल.

खारपाण

भाऊ, वाचून मले जयते ना. आमच्या पूर्णेत कायचा डोंगा! उन्हाळ्यात म्हशी बसाले पाणी नाही अन् पावसाळ्यात पूर आला की घरातली कणगीच डोंगा होते. दर्यापूर-अकोट भागात लहानपण गेलं, विहिरीचं पाणी खारं, नदीचं पाणी गढूळ. आमी वाळले भोपळे कंबरेले बांधून पोहाले शिकलो, तेवढाच काय तो जलविहार. लिवत राहा, मी वाचतो.

सावलीचा

आमच्याकडे डोंगा म्हणजे महाशिवरात्र. चंद्रपूरच्या बाजूने, सावली तालुक्यातून मार्कंड्याच्या जत्रेला जायचं तर वैनगंगा आडवी. देऊळ पलीकडे, चामोर्शी तालुक्यात. नदी तिथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते म्हणून त्या जागेचं महत्त्व.

फेब्रुवारी-मार्चात पाणी आटलेलं. म्हणून आमचा प्रवास अर्धा डोंग्यातून आणि अर्धा वाळूतून. बंडी या काठावर सोडायची, बैल बाभळीखाली बांधायचे, राखणीला एक काका ठेवायचे (ते दरवर्षी रुसायचे), आणि बाकीच्यांनी वाळू तुडवत धारेपर्यंत जायचं. जत्रेत डोंग्यांची रांगच लागायची. सकाळी वाळू गार असते, येताना दुपारी तीच पायांना चटके देते. आजोबा आमच्या पायांना पळसाची पानं बांधायचे. चार पावलांत पानं सुटायची, पण बांधून घ्यायची हौस.

धारेच्या मध्यावरून देवळाचे दगडी कळस दिसायला लागले की आजी डोंग्यातच हात जोडून उभी राहायला बघायची आणि नावाडी ओरडायचा, "बुडी, बस खाली, देव पळून नाही जात!" मूर्ती वगैरे पाहण्याचं आमचं वय नव्हतं. आमचं लक्ष फुटाणे आणि पिपाणीकडे.

धानाची_लोंबी

सगळ्यांचं छान चाललंय, त्यात मिठाचा खडा टाकते, राग मानू नका.

माझं माहेर चुलबंदच्या काठचं. तुम्ही मंडईला, जत्रेला डोंग्यात बसायचात. आम्ही पावसाळाभर शाळेला जायला बसायचो. पाहुण्याला नदी वेगळी दिसते आणि रोज ओलांडणाऱ्याला वेगळी. दप्तर डोक्यावर, कारण बुडाशी पाणी. पुस्तकं भिजली तर बाई रागवायच्या, त्यांना नदी माहीत नव्हती. पूर असला की शाळा बुडाली. माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणींची शाळा सातवीनंतर सुटली. घरच्यांचं म्हणणं एकच, पोरीला रोज डोंग्यात कोण बसवणार. मुलगे जातच राहिले, हे आलंच.

आणि बाळंतिणी. खाटेसकट डोंग्यात ठेवून नेलेली बाई मी पाहिली आहे. खाट मावेना म्हणून शेवटी खालीच गोधडी टाकली. दोन बायका तिला धरून, तिसरी पाणी उपसतेय. ती वाचली. सगळ्याच वाचल्या नाहीत.

हे सगळं जुनं झालं असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायकांचा डोंगा वैनगंगेत उलटला, सहा जणी गेल्या. पूल तुमच्या अंभोऱ्याला झाला, सगळीकडे नाही झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये वर्धा नदीवर झुंज गावाजवळ नाव उलटली, तेव्हा ११ जण बुडाले. दशक्रियेला जमलेले नातलग होते ते. कुटुंबाची नावेतली सहल म्हटलं की मला आधी ते आठवतं.

वैनगंगाकाठ

@धानाची_लोंबी, राग कसला. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आम्ही पाहुणेच होतो. रोजचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर होतं म्हणून आम्हाला गंमत वाटली. आईला विचारलं तर तीही हेच म्हणते. तिच्या लग्नाआधी पावसाळ्यात चार महिने पलीकडची बातमीसुद्धा येत नसे.

तरी एक विचारतो. तुम्हाला त्यातलं आवडलेलं काहीच नव्हतं?

धानाची_लोंबी

होतं ना. कार्तिकात पाणी निवळलं की संध्याकाळी परत येताना आम्ही पोरी डोंग्यात भुलाबाईची गाणी म्हणायचो. कोजागिरी होऊन गेलेली असायची, तरी म्हणायचो. डोंग्यात आम्हाला कोणी "हळू बोला" म्हणत नसे, नावाडीबाबा अर्धवट बहिरे होते. घरी कुठे एवढ्या मोठ्याने गाता यायचं? आणि वाल्याच्या, म्हणजे पोपटाच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून आणायचो. टरफलं पाण्यात टाकली की मासे वर यायचे.

पण त्यासाठी मला पुन्हा त्या डोंग्यात बसायचं नाही. पुलावरून जाईन आणि गाडीत गाईन.

डोहातला_मरळ

बऱ्याच दिवसांनी इकडे आलो आणि आमच्याच घरातला विषय निघाला. आम्ही ढिवर, म्हणजे मासे धरणारे आणि नाव चालवणारे. तुम्ही ज्यांना डोंगेवाले मामा म्हणता, तसे माझे आजोबा, आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो. काही गोष्टी काठावर उभं राहून दिसत नाहीत, त्या सांगतो.

पलीकडेच डोंगा का असतो, याचं उत्तर सोपं आहे. आमचं घर पलीकडे होतं!

जुना डोंगा एकाच खोडाचा. सावरीचं लाकूड मऊ, कोरायला सोपं, हलकं तरंगतं, पण लवकर कुजतं. चांगल्या लाकडाचा डोंगा जास्त टिकतो, पण जड. कुऱ्हाडीने पोट काढायचं, मग बसुल्याने आतून तासत आणायचं. आबाजी बोटांनी ठोकून जाडी पाहायचे. आवाज बदलला की हात थांबवायचे. एक ठोका जास्त पडला तर महिन्याची मेहनत चुलीत. माझ्या वडिलांच्या काळात फळ्यांचा आला, फटीत चिंध्या कोंबून वरून डांबर. मग टिनाचा. टिनाचा स्वस्त आणि हलका, पण खडकाला लागला की फाटतो, आणि उन्हात बुड असं तापतं की बसवत नाही.

उन्हाळ्यात लाकडी डोंगा कोरडा ठेवला तर तडकतो. म्हणून आम्ही तो मुद्दाम बुडवून ठेवायचो. दगड भरून डोहात बसवायचा. पावसाच्या तोंडावर गावातली पोरं बुडी मारून दगड काढायची आणि डोंगा वर यायचा. शहरातले पाहुणे घाबरायचे, "अरे डोंगा बुडाला!" आम्हाला हसू आवरायचं नाही.

पुरात सरळ समोर कोणी जात नाही. धार डोंग्याला खाली नेणार हे धरूनच चालायचं. काठाकाठाने, झुडपं धरत, बांबू मारत आधी वर जायचं, चांगलं लांब. मग तोंड तिरकं ठेवून धारेत सोडायचं. धार खाली ओढते, तुम्ही आडवं वल्हवता, आणि नेमके पलीकडच्या घाटाला लागता. किती वर जायचं ते पाण्याच्या रंगावरून ठरायचं. गढुळात ओंडके यायला लागले की आबाजी डोंगा बांधून टाकायचे, मग पाटील आला तरी सोडायचे नाहीत. शिव्या खायचे, पण नाही म्हणजे नाही.

आमची सहल म्हणाल तर उन्हाळ्यातली डांगरवाडी. पाणी उतरलं की नदीच्या पात्रात वाळू उपसून लांब चर काढायचे, त्यात शेणखत भरायचं आणि बिया लावायच्या. डांगर, टरबूज, काकडी, कारली. मुळांना खाली ओल मिळते, वर वाळू तापते, म्हणून फळ गोड. सगळं घरच वाळूत राहायला जायचं. आजी, आई, काकू, लेकरं, कोंबड्या. बांबूचा मांडव, वर गवत. रात्री कोल्हे डांगर खायला यायचे म्हणून टिनाचा डबा वाजवायची पाळी. पहाटे डोंग्यात टरबुजं भरून बाजाराच्या काठाला न्यायची. मला त्या टरबुजांवर बसवायचे, कारण दुसरी जागाच नसायची. एखादं मुद्दाम फुटायचं. म्हणजे फोडलं असं कोणी म्हणायचं नाही, "फुटलं" म्हणायचं, आणि मग सगळ्यांनी हाताने ओरबाडून खायचं. थंडगार, रात्रभर वाळूत पडलेलं.

ती वाळू आता पाण्याखाली आहे. १९८८ मध्ये गोसीखुर्दची पायाभरणी झाली तेव्हा मी शाळेत होतो, घरी कोणाला काही समजलं नव्हतं. शेत गेलं त्याचा सात-बारा असतो. नदीच्या पात्रातल्या वाडीचा कागद कोणाकडे असणार? पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वाळू, पण आमच्या नावावर काहीच नाही. पाणी थांबलं तसे मासेही बदलले. वाहत्या पाण्यातले कमी झाले, सोडलेलं कटला-रोहूचं बीज वाढलं. नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून इथे येते, तिच्यावर जलपर्णी माजते. एकदा जाळं त्यात गुंतलं की दिवस गेला.

@धानाची_लोंबी, तुमच्या बोलण्यात एक भर घालतो. उलटलेल्या डोंग्याच्या बातमीत नावाड्याचं नाव आरोपी म्हणून येतं. जास्त माणसं भरली हे चूकच. पण मजूर बायकांना वेळेवर वावरात पोचायचं असतं, ठेकेदार घाई करतो, आणि डोंग्यात पोटपट्टा म्हणजे लाइफ जॅकेट कोणी कधी दिलेलं नसतं. आबाजींसारखं "नाही" म्हणायची ताकद त्याच्यात असते जो दुसऱ्या दिवशी उपाशी राहणार नसतो.

खारपाण

ढिवरभाऊ, हे तिरकं सोडायचं गणित वाचून डोकं गरगरलं. अन् ते टरबूज! जीव गेला माहा.

सिरोंचा_एक्सप्रेस

प्राणहितेवरचं सांगतो. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, पुढे सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते. आमच्या तालुक्यात अर्धी घरं तेलुगू बोलणारी, अर्धे सोयरे पलीकडच्या काठाला. आधी तो आंध्र होता, २०१४ पासून तेलंगणा. नकाशात राज्याची हद्द, आमच्यासाठी आत्याच्या घरची वाट.

आमच्याकडे दोन डोंगे शेजारी ठेवून आडव्या बांबूंनी बांधायचे आणि वर तट्ट्या टाकायच्या. त्यावर सायकल, मोटरसायकल, शेळ्या, एकदा तर आत्याचं लाकडी कपाट. जोडडोंगा डगमगत नाही. त्यामुळे लग्नाचं वऱ्हाड त्यातूनच जायचं, वाजंत्री वाजवत. मध्यावर पोचलं की पलीकडचे वाजंत्रीवाले सुरू करायचे आणि दोन्हीकडचा गोंधळ पाण्यावर एकत्र व्हायचा. नवरदेव मात्र भेदरून बांबू धरून बसलेला. फेट्यात.

काळेश्वरला दर्शनाला गोदावरी ओलांडायची तीही अशीच. आता तिथे पूल आहे, खालच्या अंगाला मेडीगड्ड्याचं बॅरेज २०१९ मध्ये सुरू झालं, पाण्याचं सगळंच गणित बदललं. भामरागडकडे मात्र आजही पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गाव तुटतं आणि डोंगा निघतो. त्यामुळे "लहानपणीच्या आठवणी" असं शीर्षक वाचून तिकडची मुलं हसतील.

नवीन_सभासद_नागपूर

छान धागा. मुलांना घेऊन असा अनुभव आता कुठे घेता येईल? खरा लाकडी डोंगा मिळाला तर उत्तम. मुलं सात आणि दहा वर्षांची आहेत, पोहता येत नाही.

वैनगंगाकाठ

खऱ्या लाकडी डोंग्याचा हट्ट सोडा, पोहता न येणाऱ्या मुलांना तर मुळीच नको. अंभोऱ्याला बोटी असतात, जॅकेट घालायला देतात का ते आधी पाहा, नसेल तर काठावरूनच परत फिरा. त्यापेक्षा नवेगावबांधला जा, तलाव मोठा आहे, हिवाळ्यात पाखरं येतात. आणि मंडईच्या दिवसांत आलात तर नदी नसली तरी दंडार दाखवतो. निवडणुका असल्या तर नाटकात पुढाऱ्यांची भाषणं जास्त आणि नाटक कमी असतं, तेवढं सोसावं लागेल.

सावलीचा

@डोहातला_मरळ, डोंग्याचे पैसे कसे द्यायचे तुमच्याकडे? आमच्याकडे जत्रेत रोख, पण गावच्या माणसांकडून नावाडी काही घेत नसे असं आठवतं.

डोहातला_मरळ

घेत होता, फक्त तुम्हाला दिसत नव्हतं. वर्षाचं धान. मळणी झाली की आबाजी पोतं घेऊन घरोघर जायचे, ज्याचं जेवढं येणं-जाणं तेवढं. कोणी पायलीभर, कोणी जास्त. शिक्षक आणि पाहुणे रोख द्यायचे. मोठ्या घरांकडून धान काढताना सगळ्यात जास्त खेपा व्हायच्या, हे वेगळं सांगायला नको. आणि वैनगंगाकाठ, तुमच्या वडिलांची हाळी आमच्या आबाजींनी ऐकलेली असू शकते, घाट तोच असेल तर. कुठला घाट ते व्यक्तिगत संदेशात कळवा, येणी बाकी आहेत का घरी विचारतो.

वैनगंगाकाठ

कळवतो. पण कोंबडा मामाकडे जायचा, तो धरू नका.

खारपाण

येत्या मंडईले मी येतोच. फक्त एक सांगा, माहं वजन शंभराच्या वर आहे. डोंग्यात घेता का?

सिरोंचा_एक्सप्रेस

तुमच्यासाठी दोन बांधू. तट्ट्या मात्र तुम्ही आणा.